नवव्या बाटलीतला पाऊस

सिंगापुरातल्या पुंगोलमध्ये तेराव्या मजल्यावर मनोहर परुळेकरांच्या घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बांगडे ठेवलेल्या मासळीच्या डब्याला टेकून, पाऊस ठेवलेला असतो. बोटभर उंचीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, वेळ आणि घराचा नंबर. नवखा पाहुणा पाणी प्यायला फ्रिज उघडतो आणि आतून चित्रावहिनींचा आवाज येतो, "त्याला हात लावू नका हं, तो सायबांचा पाऊस हाय. प्यायचं पाणी वरच्या कप्प्यात."

पाहुणा हात मागे घेतो. काही जण पाणीच नको म्हणतात.

मनोहरराव अठ्ठावन्न वर्षांचे. देवगडजवळच्या मिठबावचे. तेवीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, चीफ इंजिनिअर होऊन उतरले, आणि गेली तेरा वर्षं सिंगापुरात जहाजं सांभाळणाऱ्या एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी करतात. बुटका बांधा, दोन्ही कोपरांच्या खाली वाफेनं भाजल्याचे डाग. ऑफिसात इंग्रजी, शेजारच्या बिहारी कुटुंबाशी हिंदी, मुलगी गार्गीशी पुस्तकी मराठी. राग आला किंवा मासा ताजा मिळाला की मात्र मालवणी. चित्रावहिनी गडहिंग्लजच्या. तिकडच्या बायकांसारख्या त्या अजून 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. चोवीस वर्षांच्या संसारात दोघांनीही आपली बोली सोडलेली नाही. गार्गी दोघांना इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' लावते.

बोटीवर मनोहररावांचं एक रोजचं काम होतं, बॉयलरचं पाणी तपासण्याचं. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून टाकायचे, रंग कधी पालटतो ते पाहायचं आणि आकडा लॉगबुकात लिहायचा. बाकीच्यांना त्याचा कंटाळा. ह्यांना त्यातच गोडी. इंजिनाच्या धडधडाटात तो एक थेंब पडून पाणी गुलाबी होणं त्यांना देवासमोरच्या समईसारखं शांत वाटायचं, असं ते सांगतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच बोटीवर चित्रावहिनींनी दिलेला आभाळी रंगाचा शर्ट त्यांनी रात्री धुऊन डेकवर वाळत घातला. पहाटे चिमणीची काजळी उडवण्याचं काम झालं होतं. संध्याकाळी शर्ट काढायला गेले तर पाठीवर काळे ठिपके, आणि झटकायला गेले तर ठिपक्यांच्या जागी भोकं. जहाजाच्या जाड काळ्या तेलात गंधक असतं, ते जळलं की त्याचं आम्ल होतं, हे त्यांना कॉलेजपासून पाठ होतं. डेकवर तसले ठिपके वर्षानुवर्षं पाहिले होते. शर्टावर पडले तेव्हा ते खरे झाले. चीफला विचारलं, "सर, डेकवरचं आपण धुतो. बाकीचं कुठं जातं?" चीफ म्हणाला, "वर गेलं ते आपलं नाही."

हे वाक्य त्यांना कुठंतरी रुतून बसलं. तो शर्ट अजून कपाटात आहे. वहिनींनी एकदा फरशी पुसायला काढला होता, तेव्हा दोन दिवस अबोला झाला होता.

वन-नॉर्थमध्ये, संशोधनाच्या कचेऱ्यांच्या गर्दीत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक सायन्स सोसायटी भरते. नाव इंग्रजीत आणि लांबलचक, आपण मंडळ म्हणू. भौतिकवाले, गणितवाले, डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ, इंजिनिअर अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, ही मंडळाची कल्पना. मनोहरराव इंजिनिअर म्हणून शिरले. गडहिंग्लजला सासूबाईंनी हे ऐकलं आणि भावकीत सांगून टाकलं, "जावई सोसायटीत आहेत, पाण्याचं बघतात." त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं गावाकडून फोन आला की कोणीतरी विचारायचंच, "काय पाव्हणं, नळाला पाणी येतंय न्हवं आता?"

मंडळात प्रत्येक शास्त्राचा विभाग होता. पर्यावरणाच्या रसायनशास्त्राचा नव्हता. हवेत काय मिसळतं, पावसातून काय उतरतं, मातीत काय मुरतं, हा विषय कधीतरी घ्यायचाच, तर चहानंतर. चहा झाला की निम्मी माणसं एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडायला पळत. उरलेल्यांसमोर मनोहरराव पोस्टर लावून उभे राहात. त्यांना स्वतंत्र विभाग हवा होता. स्वतःचा वार, स्वतःची खोली, शिकायला येणारी पोरं. तीन वर्षं त्यांनी तो धोशा लावला.

कार्यकारिणीत निशिकांत साने नावाचे पुण्याचे गृहस्थ होते, संख्याशास्त्रवाले. इंग्रजी सभेत ते मनोहररावांना शेजारून मराठीत टोचत.

"परुळेकर, पाऊस सगळ्यांवरच पडतो हो. त्याला विभाग कशाला? छत्री पुरेल."

"साने, तुमच्या आकड्यांवर तो पडत नाही. म्हणून ते एवढे कोरडे."

"वा! हे लिहून ठेवा पोस्टरवर. निदान कोणीतरी वाचेल."

पहिल्यांदा अर्ज परत आला तेव्हा अध्यक्षीणबाई डॉ. क्वेक यांनी कारण एका ओळीत दिलं होतं: भाषणं पुरेत, काम दाखवा. बाई निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, केस पांढरे, बोलणं मोजून. नियम सरळ होता. वीस सह्या, वर्षभराचं सामुदायिक काम, मग सात जणांच्या कार्यकारिणीचं मत. पुन्हा नकार आला तर तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.

तेव्हा मनोहररावांनी पाऊस धरायचं ठरवलं.

मदतीला प्रणिता आली. नागपूरची, रसायनातली डॉक्टरेट, क्लेमेंटीला एका फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेऊन राहणारी. विद्यापीठातलं तिचं कंत्राट डिसेंबरला संपणार होतं. तिनं बाटल्या, नरसाळी आणि एक हातातला मीटर आणला. मीटर पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. सात म्हणजे पाणी ना आंबट ना तुरट. सातच्या खाली आंबट, जितकं खाली तितकं जास्त. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा थोडा आंबटच असतो, धूर मिसळला की आणखी.

नऊ ठिकाणं ठरली. केरळची एक नर्स, एक शाळामास्तर, दोन विद्यार्थी, असे आठ जण, आणि नववे स्वतः मनोहरराव. ते आठही घरी गेले आणि प्रत्येकाला तासतासभर शिकवलं. नरसाळ्याला जाळी लावा. आतून बोट घालू नका. साबणानं धुऊ नका. पाऊस थांबला की त्याच दिवशी बाटली काढा, नाहीतर डासांची अंडी होतील आणि डेंग्यूच्या तपासणीवाले दारात उभे राहतील. नर्सबाईंचा आकडा एकदा जरा वर आला, तर तिच्या बाटल्या तीनदा धुवायला लावल्या. ती बिचारी रात्रपाळी करून आलेली, तशीच धूत बसली.

स्वतःची नववी बाटली त्यांनी पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवली. तिथं रहिवाशांची बाग आहे, वाफे वाटून दिलेले. चित्रावहिनींच्या वाफ्यात अळू, कढीपत्ता, मिरची आणि कोपऱ्यात तुळस. वर मोकळं आभाळ. बागेच्या कमिटीनं उंच स्टँडला नकार दिला, म्हणून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारात, असतं तसलं लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि त्यावर मधोमध बाटली बसवली. घरी येऊन बायकोला बजावलं, "हात लावू नको." एवढंच.

"मी कशाला लावतो हात? तुमची सवत हाय ती, तुम्हीच सांभाळा."

दिवस ठरून गेले. रात्री पाऊस पडला तर मनोहरराव पहाटे साडेसहाला बाटली काढून मग ऑफिसला जात. दिवसा पडला तर संध्याकाळी. शनिवार-रविवार सकाळी ते मासळी आणायला जात, ती वेळ चुकवणं त्यांच्या रक्तात नाही. कोरड्या दिवशी बागेत जायचं कारणच नव्हतं. एकदा संध्याकाळी पावसानंतर स्टुलापाशी ओलं संत्रं सापडलं. कुठल्या पोरानं टाकलं असेल म्हणून त्यांनी सोलून खाल्लं. पुढच्या महिन्यात आणखी एक. तेही खाल्लं.

सहा महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. आठ बाटल्यांचा पाऊस साडेचार ते पाचच्या मध्ये. नववीचा साडेसहा, कधी पावणेसात. प्रणिता मीटरकडे बघत म्हणाली, "काका, तुमची बाटली वेगळीच वागतेय. चुनखडीसारखं काहीतरी आहे यात, कॅल्शियम भरपूर आहे. तिथं काही पडत तर नाही ना?"

"प्रणिता, तेवीस वर्षं मी बॉयलरचं पाणी तपासलंय. माझ्या बाटलीत काय पडणार?"

तिनं आकडा वहीत लिहिला. मनोहररावांनी बागेच्या कठड्यावरून पलीकडे पाहिलं. चार क्रेन, नव्या इमारतींचे सांगाडे, सिमेंटची धूळ. सिमेंटमध्ये चुनखडी असतेच. उत्तर समोरच उभं होतं. वर्ष संपेपर्यंत पोस्टर तयार झालं. वर ठळक अक्षरांत शीर्षक: पुंगोलचा पाऊस वेगळा का? खाली आलेख, आठ रेषा एकत्र गुंतलेल्या आणि नववी त्यांच्या डोक्यावरून चाललेली. अर्जाचा सगळा जोर त्या एका रेषेवर होता. साने यांनीसुद्धा आलेख पाहून 'हं' केलं होतं, आणि साने यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्याची टाळी.

मताचा शनिवार आला. सभा दुपारी दोनला. मनोहरराव पहाटेपासून पोस्टर गुंडाळत आणि उलगडत होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते मासळीला गेले नाहीत. विचार केला, खरी बाटली आणि खरं स्टूलच सभेत घेऊन जाऊ, लोकांना दाखवायला बरं. आठच्या सुमारास ते गच्चीवर गेले.

चित्रावहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या. एका हातात रांगोळीचा स्टीलचा डबा. चिमटीतून पांढरी रेघ सुटत होती, लाल स्टुलावर, बाटलीच्या बुडाभोवती. आठ पाकळ्यांचं फूल जवळजवळ पुरं होत आलं होतं.

मनोहरराव जागच्या जागी थांबले. मग आवाज फुटला तो थेट मिठबावचा. "चित्रा! ह्यां काय गो?"

वहिनी दचकल्या. "अगंबाई! मासळीला गेला न्हाईसा?"

"ह्यां काय करतंस?"

"दिसत न्हाई? रांगोळी काढतो."

"ती माका दिसता! स्टुलावर कित्याक?"

"मग? बोडक्या स्टुलावर ठेवायचं होय? पाहुण्याचा पाट मांडला तरी भोवती रांगोळी काढतो आपण. ह्यात तर तुमचं वर्षाचं काम बसलंय."

"कधीपासना?"

"पहिल्या दिवसापासनं. तुम्ही ऑफिसला गेलासा की तुळशीला पाणी घालतो, तुळशीपुढं काढतो, आणि मग हितं."

मनोहरराव वाफ्याच्या कडेला बसले. सगळं ओळीनं समोर आलं. पाऊस जोरात येतो, थेंब स्टुलावर आपटतात, उसळतात. नरसाळ्याचं तोंड वीतभर वर. स्टुलावरची पूड थेंबाबरोबर उडते आणि नरसाळ्यात पडते. उरलेली पाऊसच धुऊन नेतो. संध्याकाळी ते येतात तेव्हा स्टूल लखलखीत.

खात्री करून घ्यायला ते उठले. शेजारच्या वाफ्यात ओंग आंटी नावाच्या चिनी बाईचं छोट्या लिंबांचं झाड होतं. एक लिंबू तोडलं, नखानं फोडलं आणि पाकळीवर पिळलं. पाकळी चुरचुरली. बारीक फेस आला आणि बसला. शिरगोळ्याची पूड, म्हणजे चुनखडीचाच दगड. आंबट पडलं की विझवणार. पावसातलं आंबटही ती तशीच विझवत होती.

"वर्षभर," ते म्हणाले, "वर्षभर माझो पाऊस तुझी रांगोळी पिता हा."

वहिनींना फेस दिसला, पण अर्थ कळायला क्षण गेला. कळला तेव्हा त्यांनी डबा मिटला. "चुकलं काय माझं?"

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुम्ही सांगितलासा काय मोजताय ते?" आता त्यांचाही आवाज चढला. "आठ घरं हिंडलासा. त्या नर्सबाईला तासभर शिकवलासा. मला काय सांगितलासा? हात लावू नको. मी लावला हात? बाटलीला बोट लागलंय काय बघा माझं. लांबनंच काढलो की."

मनोहररावांनी वाकून बाटली पाहिली. ते खरंच होतं.

वहिनी उठल्या, पदराला हात पुसत हळू म्हणाल्या, "ह्या खेपेला तरी त्यांनी हो म्हणावं, म्हणून काढत होतो."

तेवढ्यात ओंग आंटी आली. सत्तरीची, टोपी घातलेली, हातात पाण्याचं डबडं. तिनं स्टुलाकडे पाहून हात जोडल्यासारखे केले, खिशातून संत्रं काढून रांगोळीशेजारी ठेवलं, दोघांकडे पाहून हसली आणि आपल्या झाडांकडे गेली. वर्षभर ती त्या बाटलीला परुळेकरांचा देव समजत होती. मनोहररावांनी डोळे मिटले. आपण दोन नैवेद्य खाल्ले, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

घरी आल्यावर गार्गीनं सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "बाबा, जस्ट डोन्ट टेल लाह. हू विल नो?"

"मला ठावं हाय," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मनोहररावांनी प्रणिताला फोन लावला. पलीकडून आधी हसू आलं. "काका, म्हणजे मी विचारलं होतं तेव्हा..."

"तेव्हा मी तुला बॉयलर सांगितला. चुकलं माझं."

"आणि त्या नर्सताईंच्या बाटल्या तीनदा धुवायला लावल्या तुम्ही."

"तिचीही माफी मागेन. आज काय करायचं ते सांग. नववी रेषा काढून आठांचं पोस्टर करू या का नवीन? वेळ आहे."

"काढून टाकली तर कोणाला कळणार नाही," प्रणिता म्हणाली. "पण काका, तुम्हीच ते लॉगबुकाचं सांगता ना नेहमी."

ते खरं होतं. बोटीच्या लॉगबुकात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी सही करायची. तेवीस वर्षांत त्यांनी एकही आकडा गिरवून झाकला नव्हता. ज्युनिअर पोरानं झाकला तर त्याची पूर्ण पाळी उभ्यानं काढायला लावली होती.

दुपारी एकला ते निघाले. एका हातात पोस्टरची नळी, दुसऱ्या हातात लाल स्टूल. चित्रावहिनी नेसत्या साडीवर कार्डिगन घालून मागोमाग.

"तू खंय?"

"एमआरटीत एसी लई असतोय, म्हणून कार्डिगन."

"कुठं निघालीस विचारतोय."

"माझ्या रांगोळीवर बोलणार न्हवं तुम्ही? मग मी नको व्हय तिथं?" त्यांच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, आणि ओंग आंटीची चार लिंबं.

वन-नॉर्थच्या त्या खोलीत सात जण लांब टेबलाशी बसले होते, भिंतीपाशी वीसेक सभासद. पोस्टर लागलं. साने पुढे झुकून मराठीत म्हणाले, "काय परुळेकर, आज स्टूलसुद्धा? बसायला जागा देणार नाही वाटलं का आम्ही?" मग वहिनी दिसल्या तसे सावरून बसले. "नमस्कार वहिनी."

मनोहररावांनी भाषणाचा कागद खिशातून काढलाच नाही. त्यांनी पेन काढलं, पोस्टरपाशी गेले आणि नवव्या रेषेवर एक सरळ आडवी रेघ ओढली. शेजारी सही, तारीख. खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"ही रेषा चूक आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पुंगोलचा पाऊस वेगळा नाही. माझं स्टूल वेगळं आहे."

आणि त्यांनी सांगितलं. स्टूल, रोजची सकाळ, प्रणितानं घेतलेली शंका, आपण ती कशी उडवून लावली, नर्सबाईंच्या बाटल्या. नर्सबाई मागच्या रांगेतच होती. तिनं मान खाली घालून हसू दाबलं. बायकोनं चूक केली असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी आठ घरांना काय मोजतो ते समजावलं. नवव्या घरात राहतो, तिथं समजावलं नाही."

डॉ. क्वेक यांनी चष्मा काढला. "रांगोळी म्हणजे नक्की काय?"

मनोहररावांनी तोंड उघडलं, पण वहिनी आधीच स्टुलापाशी गेल्या होत्या. डबा उघडला, चिमूट भरली आणि सभेसमोर, कोणाकडेही न बघता, आठ पाकळ्या सोडल्या. हात एकदाही थांबला नाही. मग मनोहररावांच्या हातात लिंबू दिलं. "पिळा."

फेस आला. लांबच्या खुर्च्यांवरून दिसेना, म्हणून लोक उठले. जीवशास्त्राचे एक तरुण गृहस्थ पार स्टुलाशी उकिडवे बसले. पुन्हा लिंबू, पुन्हा फेस. भौतिकवाल्यांपैकी एकानं विचारलं, स्टुलापासून नरसाळ्याचं तोंड किती वर? वीतभर. मग थेंब केवढा असला तर तिथवर उसळेल? त्यावर दोघांचा वाद जुंपला. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हीच पूड घरात रोज हाताळली तर श्वासातून किती जात असेल. साने बराच वेळ पोस्टरवरच्या खोडलेल्या रेषेकडे बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "रोज किती चिमटी?"

"आठ पाकळ्यांना आठ. सणाला जास्ती."

"बरोबर!" साने टेबलावर बोट आपटत इंग्रजीत ओरडले. "मे महिन्यात आकडा खाली का आला ते मला कळत नव्हतं. मेमध्ये काय झालं?"

वहिनींना प्रश्न मनोहररावांनी सांगितला. त्या म्हणाल्या, "मेमध्ये मी गावी गेलो होतो की तीन आठवडे. भाचीचं लग्न."

साने यांनी आलेखावर मेपाशी बोट ठेवलं. नववी रेषा तिथं तीन आठवडे इतर आठांमध्ये येऊन मिसळली होती. मनोहररावांनी ती घसरण तेव्हाच पाहिली होती आणि क्रेन बंद असतील म्हणून सोडून दिली होती.

दारात चहा आला होता. पोऱ्यानं ट्रॉली आत ढकलली, थोडा थांबला, परत गेला. कोणी वळूनही पाहिलं नाही.

शेवटी डॉ. क्वेक यांनी सगळ्यांना जागेवर बसवलं. "अर्जात नऊ बाटल्या आहेत. नववी बाद. आठ टिकतात का?"

"टिकतात," प्रणिता उभी राहून म्हणाली. "तीनदा धुतलेल्यासुद्धा."

"मग आठांवर मत घेऊ. अट एक. विभाग झाला तर त्याच्या नोंदवहीचं पहिलं पान हे पोस्टर असेल. रेघेसकट."

हात वर गेले. एक, दोन, तीन. चौथा हात डॉ. क्वेक यांचा. साने यांचा हात खालीच होता.

"चार विरुद्ध तीन," बाई म्हणाल्या. "विभाग मंजूर."

मनोहररावांनी स्टुलाची कड घट्ट धरली आणि बोटांना रांगोळी लागली. सर्वांच्या आधी नर्सबाई पुढे आली. "सर, आता मी तुमच्या बाटल्या धुवायला लावीन," म्हणाली.

बाहेर लिफ्टपाशी साने भेटले. "मत माझं विरोधातच आहे हो. वर्षभरात स्वतःची बाटली न तपासणाऱ्या माणसाच्या हाती विभाग द्यायचा म्हणजे जरा अतीच. पण उसळणाऱ्या थेंबांचं गणित मी करून देईन. मेचे आकडे वेगळे पाठवा."

"पाठवतो. छत्री घेऊन या म्हणजे झालं."

"वहिनी, ह्यांना घरी तरी बोलू देता की नाही?"

"घरी बोलले असते तर हितं यावं लागलं नसतं," वहिनी म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार मिटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मनोहरराव पुन्हा मासळीला गेले नाहीत, गार्गीनं हे तिच्या मैत्रिणींना ताबडतोब कळवलं. गच्चीवर वाफ्यात आता दोन स्टुलं होती, चार हातांच्या अंतरावर. एकावर नववी बाटली, दुसऱ्यावर नवी कोरी.

"हे बोडकंच राहणार?" वहिनींनी नवव्या बाटलीकडे बोट केलं.

"हो. ते बोडकं, आणि हे दुसरं तुझं. त्याच्यावर काढ रोज, आठ चिमटी, मोजून. दोन्हींचा पाऊस ताडून बघायचा. साने यांना आकडे पाहिजेत." मग त्यांनी मीटर पुढे केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सात म्हणजे काय, सातच्या खाली काय, पाऊस आंबट का होतो. शर्टापर्यंत आले.

"शर्टाचं ठावं हाय मला. पुढं बोला."

पाऊण तास लागला. वहिनींनी मधे तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मनोहररावांना आलं नाही. ते म्हणाले, प्रणिताला विचारून सांगतो. मग त्यांनी चिकटपट्टी फाडली आणि नव्या बाटलीवर लावून लिहिलं: दहा. चित्रा.

"सौ. लिवा."

त्यांनी सौ. लिहिलं.

वहिनींनी रांगोळी काढली. ओंग आंटी पाण्याचं डबडं घेऊन आली, दोन स्टुलं पाहून थबकली. रांगोळीच्या स्टुलापाशी एक संत्रं ठेवलं. बोडक्या स्टुलाकडे थोडा वेळ पाहिलं. त्याचंही वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्या खिशातून आणखी एक संत्रं काढून तिथंही ठेवलं.

मनोहररावांनी वही काढली आणि नोंद केली: सकाळी आठ चाळीस, संत्री दोन, प्रत्येक स्टुलाशी एक. शेजारी सही केली आणि वही पेनासकट बायकोपुढे धरली.

"आता तुझी कर."